सिस्टर आणि अडलेला बोल्ट

वडशाला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण मला आधी दिसलीच नाही. अंगणात एक जुनी पांढरी जीप उभी होती आणि तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत दवाखान्यातल्या नर्स घालतात तसल्या पांढऱ्या चपला होत्या, तळव्यांना काळं तेल लागलेलं. मी घसा खाकरला. गाडीखालून आवाज आला, "कॉलेजच्या मॅडम का?"

"हो. खोलीचं विचारायला आले होते."

"भाड्याचं मंग पाहू. बॅटरी धराले येते का?"

मी पर्स पायरीवर ठेवली, गुडघे टेकले आणि पुढची वीस मिनिटं गाडीखाली टॉर्चचा उजेड धरून बसले. मी साताऱ्याकडची. पदवीनंतर पहिलीच नोकरी ज्युनियर कॉलेजात, विषय भौतिकशास्त्र, आणि घरापासून इतक्या लांब यायची पहिलीच वेळ. टॉर्च हलला की गाडीखालून "इथी, इथी" असा आवाज यायचा. शेवटी त्या बाहेर आल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर जुना दवाखान्याचा एप्रन. त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

"हात हलत नाई तुमचा. खोली तुमची."

सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. नाव होतंच, पण ते फक्त पोस्टमन वापरायचा. गडचिरोलीच्या जंगलातल्या आरोग्य केंद्रांत त्यांनी उभी नोकरी काढली होती. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा नागपूरला इंजिनियर. घरात बुद्धाची एक मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या दोन्हींच्या शेजारच्या कपाटात पान्यांचे तीन संच, मापाप्रमाणे रांगेत, पांढऱ्या कापडावर मांडलेले. शस्त्रक्रियेची हत्यारं मांडावीत तसे. वापरून झाला की प्रत्येक पाना पुसून त्याच जागी जायचा. एकदा मी चौदा नंबरचा पाना बारा नंबरच्या जागी ठेवला. त्यांनी चहा देताना कप माझ्यासमोर ठेवला आणि बशी पार खिडकीत.

त्या स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असं बोलायच्या. पहिला आठवडा मला चुकल्यासारखं वाटायचं. नंतर कळलं की इकडच्या बायका असंच बोलतात, आणि सहा महिन्यांनी साताऱ्याला फोनवर मी आईला "मी जेवून राह्यलो" म्हणाले तेव्हा तिने विचारलं, कोण बोलतंय.

तेल घालायची त्यांची पद्धत वेगळी होती. तेलाची बुधली त्यांना चालत नसे. इंजेक्शनची सिरिंज, तिला जाड सुई, आणि बिजागरीच्या नेमक्या फटीत मोजून दोन थेंब. "जास्त कशाले? औषध हाये ते, आमटी नाई." त्यांच्या घरात एकही दार कुरकुरत नव्हतं. शेजारच्यांची दारंही कुरकुरत नव्हती, कारण कुठलं दार वाजलं की त्या सिरिंज घेऊन न सांगता जाऊन यायच्या. एका घरातल्या आजोबांनी तक्रार केली होती की आता सून कधी आली नि कधी गेली ते कळत नाही.

आणि जीप. ती त्यांच्याच आरोग्य केंद्राची. निवृत्तीच्या आधी ती लिलावात निघाली आणि सिस्टरांनी ती घेतली. ज्या गाडीत बसून त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला, ती दुसऱ्या कोणी न्यावी हे त्यांना पटलं नव्हतं. दोन पोरं तर त्या गाडीतच जन्मलेली. दारावरचं लाल चिन्ह खरवडून काढलं होतं, पण ऊन तिरपं आलं की ते पुसट उमटायचं. गाडी चालवायला त्या चाळिशीत शिकल्या. ड्रायव्हर रजेवर होता आणि एक बाळंतीण ताटकळत होती म्हणून. हे त्यांनी मला भाजी निवडताना सांगितलं, जसं कोणी सांगावं की मी स्वेटर विणायला शिकले.

त्यांच्या स्टेथोस्कोपची गोष्ट वडशात सगळ्यांना ठाऊक होती. एकदा जीपमधून कसलासा आवाज यायला लागला. स्टेशनाजवळच्या मेस्त्रींनी दोनदा गाडी उघडली, आवाज गेला नाही. सिस्टरांनी घरून स्टेथोस्कोप आणला, कानाला लावला आणि चालू इंजिनावर ठिकठिकाणी ठेवत गेल्या. मेस्त्रींकडे बसलेली माणसं हसायला लागली. एका जागी थांबून त्या म्हणाल्या, "इथी. श्वास घ्याले त्रास होऊन राह्यला." तिथलं बेअरिंग गेलेलं निघालं. पुढच्या महिन्यात मेस्त्री संध्याकाळी घरी आले, चप्पल दारात काढली, आणि हळूच म्हणाले, "बाई, ते कानाचं यंत्र दोन दिवस देता का?"

तर ही जीप एका हिवाळ्यात उजवीकडे झुकली.

धानाची मळणी संपत आली होती. तांदळाच्या गिरण्या दिवसभर चालत होत्या, झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती करत गाड्या गावातून फिरत होत्या. एका सकाळी मी गॅलरीतून खाली पाहिलं तर जीप खांदा पाडून उभी होती. वळण घेताना पुढचं उजवं चाक आत घासत होतं.

त्या जीपला पुढे स्प्रिंगा नव्हत्या. त्याऐवजी दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडी असते. चाक वरखाली झालं की दांडी पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. मेस्त्री तिला टॉर्शन म्हणतात. वय झालं की तिचा पीळ थोडा ढिला पडतो आणि गाडी त्या बाजूला बसते. त्यासाठीच दांडीच्या टोकाशी एक मोठा बोल्ट दिलेला असतो. तो चार फेरे कसला की गाडी परत उचलते. काम सोपं आहे, बोल्ट फिरत असेल तर. सिस्टरांच्या जीपचा डावा बोल्ट दोन दिवसांत फिरला. उजव्यावर जंगलातल्या किती पावसाळ्यांचा चिखल बसला होता कोण जाणे. बोल्ट, नट आणि ब्रॅकेट गंजून एकजीव झाले होते.

मेस्त्री गाडीखाली जाऊन आले आणि हात झटकत म्हणाले, "बाई, जाम झाला हाये. गॅस मारल्याशिवाय निघत नाई."

गॅस म्हणजे वेल्डिंगची ज्योत. बोल्ट लालबुंद करायचा, मग तो सुटतो किंवा कापला जातो.

मी बारावीला पीळ आणि लवचीकता शिकवत होते. फळ्यावर ती दांडी मी वीसदा काढली असेल, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होते. मी भीत भीत म्हणाले, "दांडी बोल्टला लागूनच आहे. तिला इतकी आच लागली तर पोलादाचं पाणी उतरेल. मग ती पीळ धरणार नाही."

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "मॅडमनं पुस्तकातून सांगतलं, मी विळ्यावरून सांगतो. आगीत पडलेला विळा धान कापत नाई. गॅस नाई माराचा. आणि जाम म्हणू नका, मेस्त्रीभाऊ. अडला म्हणा."

"त्यानं काय फरक पडते, बाई?"

"जाम म्हणलं की माणूस हातोडा घेते. अडला म्हणलं की पाणी गरम कराले ठेवते."

मेस्त्री हसले, पण जाताना म्हणाले, "पंधरा दिवसात नाई निघाला तर मी येतोच गॅस घेऊन."

पंधरा दिवसच होते, आणि त्याचं कारण मुलगा होता. जीपचं पासिंग संपत आलं होतं. पुन्हा पास करायला गडचिरोलीला न्यायची, तिथले साहेब तपासणार. एका बाजूला झुकलेली, चाक घासणारी गाडी पास होणार नाही हे उघड होतं. मुलाने दिवाळीतच आईकडून कबूल करून घेतलं होतं की या वेळी गाडी पास झाली नाही तर ती भंगारात द्यायची, घर भाड्याने लावायचं आणि आईने नागपूरला त्याच्याकडे यायचं. वाईट मुलगा नव्हता तो. आईला एकटीला जंगलच्या रस्त्याने जाताना आठवून त्याला झोप येत नसे. सिस्टरांनीही शब्द दिला होता. त्यांना वाटलं होतं, गाडी काय, पास होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या बंपरला एक पुठ्ठा लटकत होता, त्यावर केसपेपर. रुग्णाचे नाव, जीप. वय लिहिलेलं. तक्रार, उजवा बोल्ट अडलेला. खाली दिवसांचे रकाने. पहिल्या रकान्यात त्यांच्या गोल अक्षरात, 'साफसफाई. तेल दोन वेळा. हालचाल नाही. प्रकृती स्थिर.'

त्यांचं काम असं चालायचं. आधी गाडीचं पुढचं अंग जॅकने उचलायचं, चाक लोंबकळू द्यायचं, म्हणजे दांडीवरचा ताण जातो. मग चेसिसखाली सागाचे दोन ठोकळे. ठोकळे लागल्याशिवाय त्या मला गाडीच्या सावलीतही बसू देत नसत. "जॅकवर भरवसा नाई ठेवाचा. तो थकला तर सांगत नाई." मग जमिनीवर दवाखान्यातली रबरी चादर अंथरून त्या आडव्या व्हायच्या. तारेच्या ब्रशने बोल्टचे उघडे आटे दातांसारखे घासायच्या. घासलेल्या जागी सिरिंजने डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण. मग लहान हातोडीने ब्रॅकेटवर हलकी टकटक, वीस ठोके, जणू कुणाच्या दारावर ओळखीचं माणूस. मग थांबायचं. संध्याकाळी पुन्हा तेच.

"पाना कधी लावायचा?" मी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"घाई कोणाले झाली, बोल्टाले का तुम्हाले?"

चौथ्या दिवशी पाना लावला. रिंग पाना, त्याला लांब पाइप. त्यांनी दोन्ही हातांनी वजन हळूहळू वाढवत नेलं, धक्का न देता, आणि एका क्षणी सोडून दिलं. "नाई येत अजून." रकान्यात लिहिलं, 'तपासणी केली. तयारी नाही. हालचाल नाही.'

पाचव्या दिवशी शेक सुरू झाला. चुलीवर पाण्याचं भगोनं, त्यात जुने टॉवेल, चिमट्याने उचलून ब्रॅकेटभोवती गुंडाळायचे. मला ही कल्पना फार आवडली. उकळत्या पाण्याने पोलादाचं काही बिघडत नाही, पण बाहेरचं लोखंड केसभर फुगतं, आणि निवताना फटीत तेल ओढून घेतं. मी हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं, हातवाऱ्यांसह. त्या ऐकून घेत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे शेकानं आराम पडते." मी म्हणाले, हो.

त्या दिवसांत माझा वर्गही बदलला. टॉर्शन शिकवताना मी फळ्यावर आता चिखल काढायला लागले होते. पोरं विचारायची, "मॅडम, निघाला का?" सगळ्या वडशाला माहीत होतं. भाजीवाली पिशवीत कोथिंबीर टाकताना विचारायची. शेजारचे तेच आजोबा खुर्ची घेऊन कुंपणापाशी बसू लागले. ते रोज केसपेपर वाचून घरी जात.

दहाव्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून लवकर आले तर सिस्टर जीपच्या पायरीवर बसल्या होत्या. हात मांडीवर, बोटं सुजलेली. पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या दिसल्या.

"सिस्टर, आज राहू द्या."

त्यांनी बोटं चोळली. मग म्हणाल्या, "पोराचं घर बाराव्या माळ्यावर हाये. मागच्या साली गेलो होतो. सून चांगली हाये, पाण्याचा गिलास हातात देते. आठ दिवसात मी एकबी दार वाजताना नाई ऐकलं. सगळं नवं. तिथी मी कोणाच्या कामाची?"

मी टॉवेल गरम करायला ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून मला मॅडम म्हणणं सोडलं. "बॅटरी आण, पोरी."

आमच्या हिशेबाने पासिंगच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मुलगा आला. आईला पासिंगला एकटीला पाठवायचं नाही असं ठरवून, आणि मला वाटतं, सामान किती आहे ते पाहायला. स्वच्छ शर्ट, महागाचे बूट. बंपरवरचा केसपेपर त्याने वरपासून खालपर्यंत वाचला. चौदा रकाने. चौदाही ठिकाणी हालचाल नाही.

"आई, अगं जोर कमी पडतोय. उठ, मी करतो."

सिस्टर उठल्या. तो शर्टासकट आत शिरला. पाना लावला, पाइप लावला आणि पायाने रेटा दिला. एक घाणेरडा सरकण्याचा आवाज झाला. पाना निसटला होता. मी टॉर्च आत धरला. बोल्टच्या डोक्याचा एक कोपरा झिजून चकाकत होता. असे आणखी दोन कोपरे गेले की डोकं गोल, आणि मग फक्त गॅस.

मुलाचा चेहरा उतरला.

"बाहेर ये," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "हात धू. चहा घे."

चहा झाला. मग त्यांनी त्याच्या हातात चिमटा दिला. "तू शेक देशीन. पाना मी धरन. पोरी, तू उजेड." मुलगा बाह्या सरसावून चुलीपाशी बसला. वाफाळलेले टॉवेल तो धावत आणायचा, ब्रॅकेटला गुंडाळायचा, पुन्हा धावायचा. तिसऱ्या फेरीला त्याचे बूट बाजूला गेले. पाचव्या फेरीला तो आईला म्हणाला, "मला ताप आला की तू असंच करायचीस. मी ओरडायचो."

"अजूनबी वरडतच असशीन."

त्या सकाळीच मी बोल्टला माझ्या नेलपॉलिशच्या दोन लाल रेघा मारल्या होत्या, एक खाली डोक्यावर, एक वर आट्यांच्या टोकावर. कारण अडलेला बोल्ट सुटतानाही आवाज होतो आणि तुटतानाही. दोन्ही आवाज सारखेच. फरक रेघांवरून कळतो. दोन्ही हलल्या तर सुटला. खालचीच हलली तर तुटला.

सहावा टॉवेल. सिस्टरांनी पाना न झिजलेल्या कोपऱ्यांवर नीट बसवला, दोनदा तपासून. "आधी उलट्या बाजूनं थोडा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. वजन टाकलं. वाढवलं. सोडलं. मग सुलट्या बाजूने. वजन टाकलं. वाढवलं.

टक्.

आम्ही तिघंही थांबलो. कुंपणापाशी आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"पोरी," सिस्टर गाडीखालून म्हणाल्या, आवाज अगदी बारीक, "वरची रेघ पाह्य."

ज्या हातावर मला खोली मिळाली होती, त्याला मी दुसऱ्या हाताचा टेकू दिला. उजेड वर नेला. आट्यांच्या टोकावरची लाल रेघ जागेवरून सरकली होती. फार नाही, दिव्याच्या वातीएवढी.

"हलली," मी म्हणाले. "सिस्टर, वरची पण हलली."

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग हसू. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण तसं हसताना पुन्हा ऐकलं नाही. लहान मुलीसारखं, पोटातून, न थांबता. मुलगा ओल्या जमिनीवर बसला आणि तोही हसायला लागला. आजोबा कुंपणावरून ओरडून विचारत होते, "मोकळा झाला का?" आणि सिस्टर आडव्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "दोघंबी सुखरूप."

पुढचं काम सबुरीचं होतं. पाव फेरा पुढे, थोडा मागे, दोन थेंब तेल, पुन्हा पाव फेरा. चार फेरे पूर्ण व्हायला दुपार गेली. ठोकळे काढले, गाडी अंगणात पुढेमागे ढकलली म्हणजे ती आपल्या अंगावर बसेल, आणि सिस्टरांनी मोजायला टेप आणला. नवजात बाळांची लांबी मोजायचा तो जुना कापडी टेप. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत. अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता. मुलाने पेन घेतलं आणि केसपेपरच्या पंधराव्या रकान्यात स्वतः लिहिलं, 'हालचाल आहे.'

त्या रात्री जेवताना त्याने नागपूरचा विषय काढला नाही. उद्या रविवार आहे आणि पासिंग सोमवारी, हेही तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आलं. घाईत तारीख एक दिवस अलीकडे धरून आम्ही सगळेच पळत होतो. सिस्टर म्हणाल्या, बरं झालं, आदला दिवस म्हणून तरी याने बूट काढले.

सोमवारी आरमोरीवरून आम्ही तिघं गडचिरोलीला गेलो. चालवत त्या होत्या. तपासणीच्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, वळवून पाहिलं, मग खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"बाई, इथे बँडेज कशाला बांधलंय?"

"ग्रीसची पट्टी हाये, साहेब. आट्यात चिखल जाऊ नये म्हणून."

"बांधलं कोणी? फारच व्यवस्थित आहे."

"तीस वर्षं तेच केलं," सिस्टर म्हणाल्या.

गाडी पास झाली. मुलाने कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि घडी करून आईच्या पर्समध्ये ठेवला. बसस्टँडवर सोडताना तो त्यांना इतकंच म्हणाला, "लांब कुठे जाशील तर फोन करत जा." त्या म्हणाल्या, "उचलत जा."

लांब कुठे जायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांच्या पहिल्या आरोग्य केंद्राच्या गावात एक सुईण होती, गोंडाची, आता नव्वदीला आलेली. नव्या नर्सला, म्हणजे सिस्टरांना, थांबायला तिनेच शिकवलं होतं. म्हातारीला एकदा मार्कंड्याचं देऊळ पाहायचं होतं आणि तिने तो निरोप दोन वर्षांत चार जणांबरोबर पाठवला होता. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिच्या दारात होतो. नवं लुगडं, गोंदलेले हात, काठी, आणि डब्यात भाकरी. म्हातारी कधीची तयार होऊन बसली होती.

पण जीप आता पूर्वीपेक्षा ताठ उभी होती. पायरी उंच झाली होती. म्हातारीने काठी टेकून पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोचेना. पुन्हा उचलला. नातसुनेने पाठीमागून धरलं. म्हातारीने तिचा हात झिडकारला. उचलून घेऊन बसायला ती काय पोतं आहे का, असं काहीतरी गोंडीत म्हणाली.

मी म्हणाले, "एखादा पाट द्या, मी ठेवते."

सिस्टर तोपर्यंत एप्रन घालत होत्या. "पाट तर हाये. पण आता बोल्ट फिरते ना."

रस्त्याच्या कडेला त्यांनी जॅक लावला, ठोकळे लावले, रबरी चादर अंथरली आणि आत शिरल्या. मी टॉर्च धरला. पट्टी सोडली. पाना लावला आणि एका हाताने, अगदी नळ सोडावा तसा, बोल्ट फिरवला. तीन फेरे उजवीकडचा, तीन डावीकडचा. आजूबाजूला अर्धं गाव जमलं होतं. म्हातारी काठीवर हनुवटी टेकून पाहत होती.

"काय करून राह्यली?" तिने विचारलं.

"तुह्यासाठी गाडी खाली करून राह्यलो, बाई."

जॅक उतरला. गाडी पुढून खाली वाकली. म्हातारीने पाय उचलला, पायरीवर ठेवला, दार धरलं आणि कोणाचाही हात न लागता वर चढून पुढच्या सीटवर बसली. लुगडं सावरलं. काठी पायांत घेतली. काचेतून समोर पाहिलं, मान ताणून पुन्हा पाहिलं, आणि सिस्टरांकडे वळली.

"बसलो," ती म्हणाली. "आता वर कर. इथून रस्ता नाई दिसत."

सिस्टरांनी पाना पुसायला घेतला होता. तो तसाच हातात धरून त्या पुन्हा खाली वाकल्या.